कमानीवरचा गिलावा

बाबा, चर्चच्या समितीला दिलेल्या अहवालात मी एक वाक्य चुकीचं लिहिलं आहे. तिसरं पान, शेवटून दुसरी ओळ: 'कमानीवरचा सिमेंटचा गिलावा पूर्वी कोणा अज्ञात गवंड्याने केला असावा.' गवंडी अज्ञात नाही, आणि 'असावा'ही नाही. तो गिलावा तू केलास. मी नऊ वर्षांची होते, शाळेला सुट्टी होती, आणि तो तडकू नये म्हणून आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पायपाने पाणी मारायला मीच होते.

पण तू आधी विचारशील ते आधी सांगते. कमान वाचली.

पनवेलचं हे जुनं चर्च तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बाहेरून साधं, पांढरं, दोन बुटके मनोरे. आत गेलं की दोन हात जाडीच्या भिंती आणि एकदम गार. माणसं बसतात तो लांब भाग आणि वेदी यांच्या मध्ये ती मोठी कमान. नेरे गावाहून सायकलवर मला पुढे बसवून तू कामाला यायचास आणि आत शिरताना चपला काढायचास. तिथे कोणीच काढत नाही, हे मी तुला सांगितलं तर म्हणालास, "त्यांचा देव वेगला, पन लादी तीच हाय." शाळेत जायच्या आधी आकडे मी तुझ्या टेपवर शिकले, सरळ म्हणजे काय ते ओळंब्यावर, काटकोन गुण्यावर. आणि भिंत ठोकून बघायला तू मला त्याच चर्चमध्ये शिकवलंस. गिलावा आतून सुटला असेल तर आवाज बद्द येतो, धरून असेल तर टणक. एकदा मी घाईघाईने दोन ठिकाणी ठोकलं आणि म्हणाले, "भक्कम आहे." तू थापी खाली ठेवलीस. "काय आयकलंस?" मी भिंतीकडे बघितलं. "आयकलंच नाय तर सांगतेस कशी? खोटारडी गवंडीन!" मी रडले. तू परत ठोकायला लावलंस, अख्खी भिंत.

नाताळ झाल्यावर फादरांनी मला बोलावलं. ते इथे नवे आहेत. मी बांधकामाचा डिप्लोमा करून ड्रॉइंगच्या ऑफिसात काम करते, एवढंच त्यांना माहीत होतं. कमानीला डावीकडून वरपर्यंत तडा गेला होता. बोट जाईल एवढा. समितीने आणलेल्या ठेकेदाराने कमान उतरवून तिथे काँक्रीटचा बीम टाकायचं ठरवूनच टाकलं होतं. मी म्हणाले, तडा दगडात आहे की फक्त गिलाव्यात, ते आधी बघू या.

"ताई, हे कॉलेजचं जर्नल नाही," तो म्हणाला. "कमान बसली तर फादरांच्या डोक्यावर बसेल."

वेदीवरची फुलं बदलणाऱ्या म्हाताऱ्या आंटी मागून म्हणाल्या, "माझं लग्न हिच्याखाली लागलं, माझ्या पोरींचं लागलं. तेव्हा नाय बसली ती. तुमचं बिल बघून बसेल."

सगळे हसले. मला हसू येईना. मी दोन महिने मागितले. तड्यावर काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या, कारण कमान हलत असेल तर काच तुटते. रोज ऑफिस सुटल्यावर मी त्या काचा बघायला जायचे. दुरून बघायचे, मग शिडीवरून, मग घरी पोहोचून वाटायचं, तिसरी नीट पाहिली नाही. एकही काच तुटली नाही. मग एका शनिवारी मी परांचीवर चढले आणि ठोकायला सुरुवात केली. बद्द. बद्द. बद्द. डावी बाजू पूर्ण सुटलेली. खडूने रेघ मारून घेतली आणि फादरांना म्हटलं, काढू या.

बाबा, तू हवा होतास! पहिल्या घावाला ताटाएवढा तुकडा आला आणि मागून काळा दगड दिसला. तासाभरात सगळी कमान उघडी. सहा दगड इकडून, सहा तिकडून, मध्ये कळीचा दगड, आणि सांध्यांतला चुना जसाच्या तसा. कळीच्या दगडाखाली मी दोरी ताणून पाहिली, तीन वेळा. तो केसभरही उतरला नव्हता. ठेकेदार स्वतः शिडी चढला, सांध्यात नख घालून बघितलं आणि खाली येऊन म्हणाला, "हिला हात लावायचा नाही." आंटी मान वर करून उभ्या होत्या. "बघ ना, एवढी देखणी, आणि आपण पावडर थापून ठेवली होती." मग माझी पाठ थोपटून म्हणाल्या, "बापाची पोर! त्याने शाकारलेली कौलं अजून गळत नाहीत." त्यांना गिलावा आठवत नव्हता. मला आठवत होता.

चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढवलं की भिंतीतली ओल आत कोंडते आणि भिंत गिलावा सोडून देते. हे मी कॉलेजात शिकले. तुला कोणी सांगितलं नव्हतं. सणाच्या आत काम हवं होतं, आणि तुलाही सिमेंटचं कौतुक होतं. काम झाल्यावर कमानीखाली उभा राहून तू म्हणालास, "आता शंभर वर्सं बगायला नको." मी पायप धरून हो म्हणाले. चूक तुझी, आणि ती ज्या कानाने सापडली तो कानही तूच घडवलास. अहवालात मला या दोन्ही गोष्टी लिहायच्या आहेत. आता दगड उघडाच ठेवणार आहोत, बाकीच्या भिंतीला पुन्हा चुना.

तू आता नाहीस, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून कबूल करते. 'अज्ञात' लिहिताना मी तुझं नाव जपते आहे, असं स्वतःला सांगितलं होतं. खरं तर त्या दिवशी मिळालेली शाबासकी मला सोडवत नव्हती. अहवाल ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी, आठच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर, सभेत वाचून चर्चच्या दप्तरात जाणार आहे. ती ओळ मी त्याच रविवारी, सगळ्यांसमोर उभी राहून, तुझ्या नावासह वाचणार आहे.