आईचं वजन उतरलं तेव्हा

आबा, आईला टीबी झालाय. आधी हेच सांगून टाकते, कारण आडवळणानं बोललेलं तुम्हाला कधी खपलं नाही. घाबरू नका, असं मी रोज दहा दारांत म्हणते. पण तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, तुम्ही कशाला घाबराल? घाबरलेय मी, आणि त्याहून जास्त गोंधळलेय.

तुम्ही गेल्यावर तुमची ही लेक आरोग्यसेविका झाली, हे तुम्हाला ठाऊक नाही. मंगळवार पेठेत राहतो आम्ही, आईही इथेच. सकाळी लोकांच्या बॅरलमध्ये वाकून डासांच्या अळ्या शोधते, दुपारी त्याच लोकांचा बीपी बघते, बोट टोचून शुगर बघते, आणि येता येता कोण टीबीच्या गोळ्या चुकवतंय ते विचारते. एका घरात सासऱ्यांना शुगर, सुनेला डेंग्यू, आणि पस्तिशीच्या पोराला बीपी. आत शिरल्यावर आपण कुठल्या रोगासाठी आलो होतो, तेच विसरायला होतं. तुमचं मलेरियाचं काम बरं होतं. नेसरीकडच्या वाड्यांवर सायकल घालायची, "ताप आलता काय?" एवढं एकच विचारायचं, आला असेल तर काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, चार कडू गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर तारीख टाकून पुढं जायचं. सुट्टीत मी तुमच्या मागं कॅरेजवर. चौथीत असेन. एका घरात बाई गोधडीत कुडकुडत होती आणि मी शहाणपणानं म्हणाले, "काकू, मलेरियाच हाय तुमास्नी." तुम्ही तिचं रक्त काचेवर घेतलंत, गोळ्या दिल्यात. ओढ्यापाशी सायकल थांबवलीत आणि म्हणालात, "काच बघितल्याबिगर रोगाचं नाव तोंडातनं काढायचं न्हाय. थंडी वाजली की मलेरिया, आसं आसतंय व्हय?" मी घर येईपर्यंत फुगून बसले होते.

मग स्वतःचं डोकं दुखलं की तुम्ही उपरणं आवळून "ऊन लागलंय" का म्हणायचात? कुठल्या काचेवर बघितलं होतंत? साऱ्या वाड्यांचं रक्त तपासलंत आणि तुमच्या दंडाला बीपीचा पट्टा कधी कुणी गुंडाळला नाही. एका सकाळी चपला घालताना खाली बसलात ते उठलाच नाहीत. मला तुमचा राग येतो आबा, अजून येतो. आणि आता तर तोही धड येत नाही, कारण मी तुमच्याच वरताण निघाले.

आईची शुगर अकरा वर्षांची. तपासणी आली की ती आधी आठ दिवस कारल्याचा रस पिते, बिनसाखरेचा चहा घेते, परीक्षेला बसल्यासारखी. आकडा चांगला आला की संध्याकाळी वाडीच्या देवाचा पेढा. मी ओरडले तर म्हणते, "परसाद हाय त्यो. परसादाला शुगर आसती व्हय?" गेल्या पावसाळ्यात तिचं वजन उतरायला लागलं. तीन महिन्यांत सहा किलो. मी स्वतः काट्यावर उभी करायचे आणि शाबासकी द्यायचे. तिनं सगळे ब्लाऊज आवळून आणले. शेजारच्या दोघी तिला विचारून विचारून नाचणीची भाकरी खायला लागल्या. आई ऐटीत सांगायची, "माझी पोरगीच डागदरासारखी हाय की. तिच्या सांगण्यावर चालतो मी." खोकायची, तर मी म्हणायचे हवा बदललीय. संध्याकाळी अंग जरा गरम लागायचं, तर म्हणायचे चूल पेटल्यापासून उभी आहेस.

दिवाळीनंतर एका दारात मी नेहमीचे प्रश्न वाचत होते. दोन आठवड्यांवर खोकला आहे का? वजन घटलंय का? संध्याकाळी बारीक ताप येतो का? ती बाई प्रत्येकाला "न्हाय बाई" म्हणत होती आणि माझी जीभ तिसऱ्या प्रश्नावर अडखळली. तिन्हींचं उत्तर माझ्या घरात होतं. ती बाई म्हणाली, "काय झालं वं? पानी आणू का?" मी तशीच घरी आले आणि आईच्या हातात थुंकीची डबी दिली.

डॉक्टर म्हणाले, शुगरनं अंगातली ताकद कमी होते, मग टीबीला आयतं फावतं. जंतू तरुणपणापासून छातीत झोपलेले असतील, नाहीतर हल्ली कुणाकडून आले असतील, सांगता येत नाही. सहा महिने गोळ्या घेतल्या की बरी होईल, हे मी शंभर जणांना सांगितलंय आणि ते खरं आहे. पण आई सत्तरीची, त्यात शुगर, आणि तीन महिने मी फुकट घालवले. तिनं स्वतःचं ताट वेगळं केलंय. मी सांगितलं, ताटानं लागत नाही, तर ऐकत नाही. नातवाला जवळ येऊ देत नाही. काल जेवताना म्हणाली, "मी तर कुटं जात न्हाय, येत न्हाय. मला कुटनं लागलं गं हे?"

मी आमटी वाढत राहिले. कारण जाते-येते मी. टीबीच्या घरांत शिरते, खाटेशेजारी बसते, आणि उकडलं की तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढते. मीच आणलं का? की ते तिच्या छातीत आधीपासूनच होतं, तुम्ही होतात तेव्हापासून? दिवसातून दहा वेळा एक उत्तर पटतं, दहा वेळा दुसरं. तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हेही मला नीट सुचत नाही.

हे लिहिता लिहिता कामाच्या रजिस्टरची मागची पानं भरली. ही फाडून पोस्टात टाकायची नाहीत, तुमचा पत्ता तर माझ्याकडे नाही. एक राहिलं. घरातल्या सगळ्यांच्या छातीचे एक्स-रे झाले. पोराचा चांगला आला, त्याच्या वडिलांचा चांगला आला. माझा मी काढलेलाच नाही. त्यात डाग निघाला तर आईच्या प्रश्नाला उत्तर मिळेल, आणि ते मला नकोय. आईला सांगितलंय, माझाही चांगला आला. तिनं लगेच उठून देवापुढं साखर ठेवली.