सातव्या ग्रीनचा उतार

प्रिय बाळ्या,

तुझा अहवाल वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा इतका संताप आला की पान उलटताना फाटलं. सातव्या ग्रीनच्या मधल्या सहा मीटरांत तीस सेंटिमीटर उतार, चेंडू होलपाशी थांबणं अशक्य, सबब होलभोवतीची सगळी हिरवळ, म्हणजे अख्खं ग्रीन, खोदून नव्याने बांधावं. खाली तुझी झोकदार सही. अरे शहाण्या, मोजलंस कधी? गोल्फ क्लबच्या व्हरांड्यात दोन कप कॉफी ढोसलीस, बाबांचा हात धरून ग्रीनवर एक चक्कर मारलीस आणि गेलास. तीस हा आकडा कुठून आला ते मला ठाऊक आहे. ते ग्रीन बाबांनी बांधलेलं, आणि आपल्या घरात पाढ्यांच्या आधी तो आकडा पाठ झाला होता. इंजिनिअर झालास तरी यंत्र गाडीतच ठेवलंस.

बाबांनी तो उतार ठेवला तेव्हा गवत जरा उंच कापायचे. चेंडू रेंगाळत जायचा आणि उतारावरही थांबायचा. आता क्लबात खेळायला येणाऱ्या या मंडळींना टीव्हीत दिसतं तसं दाढी केल्यासारखं गवत हवं, आणि चेंडू घरंगळत परत पायाशी आला की माझ्या नावाने खडे फोडायला मोकळे. आपल्या डॉक्टरांचा तर एकदा चार वेळा परत आला. त्यांनी काठी तळ्यात भिरकावली आणि ती काढायला माझ्याच माणसाला पाण्यात उतरवलं. गवत थोडं वाढू द्या म्हटलं की यांची तोंडं वाकडी. बाबांकडे जावं तर त्यांचं एकच पालुपद, माझ्या ग्रीनला हात लावायचा नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मी हेडमाळी आहे की दोन्हीकडून बडवायचा ढोल, हे मला अजून कळलेलं नाही.

मग मी काय केलं ते ऐक. आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुळांना हवा मिळावी म्हणून आपण दर वर्षी ग्रीनला भोकं पाडतो आणि वर वाळू पसरतो. नऊ वर्षं मी वरच्या अंगाला जास्त भोकं पाडली, निघालेली माती उचलून नेली आणि भोकं अर्धीमुर्धीच भरली. जमीन हळूहळू दबत गेली. खालच्या अंगाला वाळूचा हात सढळ ठेवला, पाती बुडणार नाहीत इतपतच, पण पुन्हा पुन्हा. गेल्या महिन्यात मोजलं तर अठरा भरले. विश्वास बसेना म्हणून परत मोजलं, तरी अठराच. चेंडू आता थांबतो रे! परवा डॉक्टरांचाच थांबला, तर म्हणाले, आज माझा हात छान बसलाय. पण तक्रारीची सवय कुठे सुटते? समितीने तुझ्या हातात जुन्या तक्रारींची फाईल ठेवली आणि तू माझ्या नऊ वर्षांवर बुलडोझर फिरवायला निघालास.

तेव्हाच का बोलले नाही म्हणशील. बाबा तुझ्या शेजारी होते ना. ते अजून रोज सकाळी काठी टेकत सातव्यापर्यंत येतात. मी वाळू पसरत असले की उभे राहून बघतात आणि म्हणतात, माझ्यापेक्षा तुझा हात एकसारखा पडतो. एकसारखा! मी मान खाली घालून फावडं चालवत राहते. त्या वेळी मला स्वतःची इतकी लाज वाटते की काय सांगू.

गुरुवारी समितीची सभा आहे. तू बुधवारी ये, ग्रीन नीट मोज आणि खरा आकडा सभेत सांग, म्हणजे खोदकाम टळेल. चूक कबूल करताना जीभ झडत नाही. पण बाबाही सभेला येणार आहेत आणि त्यांना हे परक्यांच्या तोंडून कळता कामा नये. बुधवारी संध्याकाळी मी त्यांना घरी सांगणार आहे. मोजायला मी दुसरा कोणीही आणला असता, बाळ्या. समितीला मी एकटी पुरून उरेन. बाबांना सांगताना मात्र तू माझ्या शेजारी बसायला हवास, मला फार भीती वाटते.

तुझीच,
ताई