ताप उतरल्यावर

छत्रीबाग, इंदूर
१८ सप्टेंबर २०२२

ती. आत्यास,
अनुश्रीचा सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही मुले, पुष्कर आणि पलक, डेंग्यूतून उठली हे वाचून बाबांनी देवापुढे साखर ठेवली. हे दुखणे उलटेल का, असे तू विचारले आहेस. बी. एस्सी.चे शेवटचे वर्ष आहे, म्हणजे तू मलाच विचारणार.

आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. नवा विषाणू त्यांना ओळखू यायला वेळ लागतो, म्हणून आठवडा अंगावर निघतो. पण एकदा ओळख पटली की त्याला धरणाऱ्या अँटिबॉडी शरीर पुन्हा केव्हाही बनवू शकते. शरीर विसरत नाही. तेव्हा दोघांना आता डेंग्यूची भीती नाही. तू निश्चिंत झोप.

तुला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे माझे अक्षर सुधारले आहे. आधी कच्चे लिहिते, मग पक्के. पत्र मनीष भियांच्या बसने पाठवत आहे. पुष्करला म्हणावे, वाचून हसू नकोस.

आहे तशीच माया राहू दे.
तुझी,
अनुश्री

बेटमा
११ ऑक्टोबर २०२४

चि. अनुश्रीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

लॅबमध्ये पांढरा कोट घालायला लागल्यापासून आमची ग्रॅज्युएट बाई फारच बिझी झाली. दिवाळीला येणार की नाही, ते आधी कळव.

पुष्करला सोमवारपासून बुखार होता. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणायचा. गल्लीत दोघातिघांना डेंग्यू निघालाय, म्हणून तुझे काका इंदूरला नेऊ म्हणत होते. मी कपाटाच्या दारावरचं तुझं पत्र दाखवलं. तुला ठाऊक नसेल, दोन वर्षांपूर्वी पुष्करनेच ते चिकटवलं आणि वर मोठ्या अक्षरात ‘डॉक्टरीणबाईंचा हुकूम’ असं लिहिलेला कागद लावला. ते वाचून काकांनी इंदूरचा विषय सोडला. तुला फोन लावतो म्हणाले, तर पुष्करच म्हणाला, सीझनमध्ये तिला फालतू टेंशन देऊ नका, मला तर होऊन गेलाय.

आज सकाळी ताप एकदम उतरला. अंग गार आहे, हातपाय तर थंडगार. पोट दुखतं म्हणतो, दोनदा उलटी झाली. खिचडी जड गेली असेल. आता निजलाय. घरात चार दिवसांनी शांत वाटतंय.

बाबांना सांभाळ आणि आम्हाला विसरू नकोस.
तुझी,
आत्या

छत्रीबाग, इंदूर
२५ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
अनुश्रीचा सा. न.

तुझे पत्र त्याच संध्याकाळी मनीष भियांनी हातात दिले. मी बसस्टँडवरच उघडले आणि तिथूनच काकांना फोनवर ओरडून सांगितले की निघा. त्यांनी अर्धा तासही घालवला नाही. गाडीतून उतरताना पुष्कर मला म्हणाला, हुकूम चुकला वाटतं. एवढेच. दोन दिवस सलाइन, रक्त, सगळे झाले. तेराला दुपारी जे झाले, तेव्हा तू जवळच होतीस.

दहाव्याला बाबा आले, मी आले नाही. काय झाले हे मात्र तुला मीच सांगायला हवे.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार असतात. एकाच्या अँटिबॉडी दुसऱ्याला धरतात, पण मारू शकत नाहीत. असा धरलेला विषाणू पहारेकरी पेशी आपण होऊन आत घेतात, आणि तो त्यांच्यातच वाढतो. मग शरीर इतक्या जोराने लढते की रक्तवाहिन्या पाझरू लागतात. हे बहुधा ताप उतरताना होते. ते थंडगार हातपाय म्हणजे आराम नव्हता. शरीर विसरले नव्हते आत्या, त्याने जुनाच शत्रू समजून नव्याला घरात घेतले.

हे मला तेव्हाही ठाऊक होते. कच्च्या पत्रात चार प्रकारांची ओळ होती. पक्के लिहिताना मी ती खोडली. वाटले, तू उगाच घाबरशील. मला तुला निश्चिंत करायचे होते.

रोज तीस-चाळीस नमुने तपासते. प्रत्येक नळीवर आधी त्याचे नाव दिसते.

माया मागण्याचे तोंड नाही.
अनुश्री

बेटमा
५ नोव्हेंबर २०२४

चि. अनुश्रीस,
आशीर्वाद.

तुझ्यावर राग आहे का, ते मला कळत नाही. काका तुझं नाव काढत नाहीत. कपाटावरचं ते जुनं पत्र फाडायला मी दोनदा उठले. पण कोपरा ओढला की त्याच्या अक्षराचा कागदही निघायला लागतो, म्हणून राहू दिलं.

परवा पलकला कणकण आली. लगेच दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, साधाच बुखार निघाला. आज उतरला. सकाळी तिने माझा हात कपाळाला लावून घेतला आणि तोंड अगदी माझ्यासमोर आणून विचारलं, आई, गार लागतंय, हे चांगलं की वाईट? दिवसभर तिचे पाय हातात धरून बसले.

पलकलाही डेंग्यू त्याच वर्षी झाला होता. म्हणून तू लिही. ती खोडलेली ओळ लिही, आणि ताप उतरल्यावर काय बघायचं तेही लिही. अक्षर मोठं काढ, पलकला झोपूनही वाचता आलं पाहिजे. त्याच्या अक्षराखाली, जुन्या पत्राशेजारी वीतभर जागा आहे, तिथे मी चिकटवीन.

तू इतक्यात येऊ नकोस. पत्र उद्याच्या बसने पाठव. कच्चंच पाठव.

आत्या