सावलीचा दाखला आणि त्रेचाळीस हशे

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. मोठे दिग्दर्शक ठेवतात. ही फक्त माझ्यासाठी. ऑफिसचं नाव इथे लिहिणार नाही. वही कोणाच्या हाती लागली तर शिस्तभंग. आवक-जावक टेबल, मलकापूरहून बसने जाणं-येणं, एवढं पुरे.

सिनेमा पूर्ण. नाव ‘सावलीचा दाखला’. एक तास बारा मिनिटं. स्टोरी अशी: मेलेल्या माणसाला सावली नसते, म्हणून सरकार फतवा काढतं की जिवंत असल्याचा पुरावा म्हणून प्रत्येकाने सावलीचा दाखला काढावा. तुळशीराम नावाचा म्हातारा चकरा मारतो. शेवटी त्याला तारीख मिळते ती नेमकी मे महिन्यातली, ज्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. तुळशीराम ऑफिसच्या अंगणात उभा. सावली नाही. शेरा: मयत.

उपहास आहे. डार्क आहे. जिल्ह्यात असं कोणी केलेलं नाही, निदान माझ्या ओळखीत तरी.

पटकथा सगळी ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिली. पर्यावरणाचा विचार.

३ फेब्रुवारी. लंचमध्ये.
स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप करून ड्रॉवरमध्ये ठेवला. तारखेची जागा कोरी. बावीस वर्षं कागद आत घेतले, बाहेर पाठवले. बस झालं. उरलेलं आयुष्य सिनेमाला.

अट एकच. पटकथेत लाल पेनाने हशाच्या त्रेचाळीस जागा मार्क केल्यात. त्यातल्या निम्म्या, म्हणजे बावीस ठिकाणी लोक हसले की त्याच दिवशी अर्ज सादर. भावनेच्या भरात काही करणार नाही. त्यासाठी वेगळी हशा-नोंदवही आखली: अनुक्रमांक, अपेक्षित, प्रत्यक्ष, शेरा.

आज चष्मा पाऊण तास सापडला नाही. कपाळावर होता. कलावंताचं असंच असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार. रात्री जेवून.
प्रीमियर. लग्नाची तिथ नव्हती म्हणून मंगल कार्यालय मिळालं. दोनशे खुर्च्या, एकशे सत्तर माणसं.

अपेक्षित ४३. प्रत्यक्ष ०.

बकरी खुर्चीवर चढते तिथे मला स्फोटक हशा अपेक्षित होता. बकरी म्हणजे लोकशाही. मागून एकाने विचारलं, बकरी कोणाची हाय, गाभण दिसून राह्यली. त्यावर चर्चा झाली.

हसले कुठे, तर वहाबवर. वहाब आमच्या गल्लीतला टेलर. मी त्याला क्लार्कचा रोल दिला तो चेहरा थंड आहे म्हणून. पटकथेत क्लार्क गप्प आहे, व्यवस्थेचं मौन म्हणून. पण या गड्याने शूटिंगला मनाने भर घातली. चष्मा कपाळावर ढकलायचा, मग तोच चष्मा टेबलावर, ड्रॉवरमध्ये, शर्टाच्या खिशात शोधायचा, आणि समोरच्याकडे न बघता म्हणायचं, प्रोसेसमध्ये आहे. दर वेळी हॉल गडगडला. सतरा वेळा. माझ्या ऑफिसची मंडळी तर एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होती. हे मी मोजलं, पण प्रत्यक्षमध्ये धरलं नाही. शेरा: नियमबाह्य.

शैलजा पहिल्या रांगेत होती. विसाव्या मिनिटाला झोपली. शाळेत दिवसभर उभी असते, दमते. मी मनावर घेतलेलं नाही.

२३ फेब्रुवारी.
मनावर घेतलं. सकाळी चहाच्या वेळी शैलजाला विचारलं की जेवढा पाहिला तेवढा कसा वाटला. म्हणाली, छान होता, घरच्यासारखा वाटला. म्हणजे काय, ते विचारलं नाही.

१ मार्च, रविवार.
निर्णय: वहाबला कापायचं. लोकांचं लक्ष भलतीकडे जातं.

शाकिरच्या दुकानात गेलो. झेरॉक्सही तोच काढतो, लग्नाची शूटिंगही तोच करतो, माझं एडिटिंगही त्यानेच केलं. तुळशीरामला मयत ठरवतात तिथे त्याने पडद्यावरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या. त्या काढायला लावल्या. वहाबचे चष्म्याचे सगळे शॉट उडवले. शाकिर म्हणाला, काका, सिनेमात मंग राह्यलं काय? त्याला विचारलं नव्हतं.

वहाबला जाऊन स्वतः सांगितलं. मी आडून काही करत नाही. तो मशीन थांबवून म्हणाला, वैजूभाऊ, सिनेमा तुमचा, मर्जी तुमची. पण म्या मनानं काही केलं नाही. पोरीच्या, मलिहाच्या नावातली चूक दुरुस्त कराले पाच महिने तुमच्या ऑफिसात येऊन राह्यलो ना, तिथं पाह्यलं तसं केलं.

म्हणजे निरीक्षणातून अभिनय. मोठ्या नटांची पद्धत. कोणाचं निरीक्षण ते त्याने सांगितलं नाही. माझ्या मते पलीकडच्या टेबलचं. तो माणूस फारच वेंधळा आहे.

८ मार्च, रविवार.
जळगाव जामोद. शाळेचं पटांगण. वहाबमुक्त आवृत्ती.

अपेक्षित ४३, प्रत्यक्ष ०, नियमबाह्यही ०. चाळिसाव्या मिनिटाला निम्मं पटांगण रिकामं. शेवटी मी माइकवरून पाच मिनिटं बोललो. शुद्ध मराठीत, सावली या प्रतीकाविषयी. मित्रहो, आपण सारेच सावल्या आहोत, म्हटल्यावर मोठा हशा आला. हे वाक्य गंभीर होतं.

कारणं: १) साउंड. २) डास. ३) वर सातपुडा आहे, आवाज तिकडे जातो.

अट बदलली. बावीस फार होतात. दहा.

२२ मार्च, रविवार.
लोणार. वहाबला परत घातलं. तत्त्व सोडलं असं नाही, प्रयोग म्हणून. वहाबला सांगितलं तर म्हणाला, बरं झालं. बाकी काही नाही. सदऱ्याची बटणं मात्र फुकट लावून दिली.

लोणारच्या लोकांना आभाळातून पडणाऱ्या गोष्टींची सवय आहे, म्हणून आशा होती. नियमबाह्य हशे एकतीस. नियमित शून्य. अट आता पाच.

सिनेमा संपल्यावर मात्र लोक माझ्याभोवती जमले. मला भरून आलं. वाटलं, आता प्रश्नोत्तरं. पहिलाच प्रश्न: या दाखल्याले काय काय कागदं लागतात? दुसरा: आधार लिंक कराव लागते का? तिसऱ्याने विचारलं, माह्या बापाची सावली वाकडी पडते, चालते का?

मी म्हणालो, अहो, हा विनोद आहे. एक जण म्हणाला, तो टेबलावरचा माणूस विनोद असन, फॉर्म तर खरा दिसते.

फॉर्म मीच टाइप केला होता. परिशिष्ट ब, स्वयंघोषणा, दोन साक्षीदार, ‘अर्जदाराने सावली समक्ष दाखवावी’. पडद्यावर पंधरा सेकंद दाखवलाय. लोकांनी मोबाइलवर फोटो काढले.

हे अपयश म्हणता येणार नाही. कलेने वास्तवाला इतकं हुबेहूब गाठलं की फरक राहिला नाही. हशा-नोंदवहीत असा रकाना नव्हता, नवीन आखला.

३० मार्च.
शाकिरच्या दुकानाबाहेर लाइन. विचारलं कशाची. म्हणे, सावलीच्या फॉर्मच्या झेरॉक्स. त्याला झापलं. तो म्हणाला, काका, म्या तर सांगून राह्यलो सगळ्यांले की खोटा हाय. लोक म्हणतात, मागच्या फॉर्मच्या टाइमालेबी असंच म्हणत व्हते, मंग मुदत निघून गेली.

९ एप्रिल.
ऑफिसात सावलीच्या दाखल्याचे एकोणीस अर्ज आले. माझ्याच टेबलवर. मी साहेबांना म्हणालो, असा दाखला अस्तित्वात नाही, परत करतो. साहेब म्हणाले, अस्तित्वात नाही असं लेखी कुठे आहे? नसेल तर वर मार्गदर्शन मागवा. तोवर आवक क्रमांक द्या.

दिले. स्वतःच्या विनोदाला स्वतः आवक क्रमांक देणारा मी एकटाच दिग्दर्शक असेन.

२० एप्रिल.
पुण्याच्या फेस्टिव्हलचं ईमेल. लगेच उघडलं. ‘आपला प्रामाणिक माहितीपट आवडला. तथापि ही प्रवेशिका विनोदी चित्रपट विभागात चुकून आल्याचे दिसते.’

पुणेकरांना विनोद कळत नाही हे मी आधीच म्हणत होतो. कुठे म्हणालो ते सापडत नाही, पण म्हणत होतो.

अट: एक. नेमक्या जागी, मी लिहिलेल्या ठिकाणी, एक हशा. मग अर्ज देणार म्हणजे देणार.

११ मे.
सावली-अर्ज दोनशे अकरा. साहेबांच्या कानावर स्वेच्छानिवृत्तीचं घातलं. न हसता म्हणाले, टेबलवरची पेंडन्सी निकाली काढा, मग बघू. वरून मार्गदर्शन आलेलं नाही.

चष्मा परत हरवला. आज अर्धाच तास.

२५ मे, सोमवार. दुपारी ३.
नोंद झालीच पाहिजे.

बारा वीसला लंचला उठणार तेवढ्यात खिडकीशी गर्दी. शिपाई म्हणाला, साहेब, या, तुमचा सिनेमा चालू हाय. बाहेर पाहिलं. अंगणाच्या मधोमध एक म्हातारी उन्हात उभी. हातात माझा फॉर्म. स्वतःभोवती फिरून जमिनीवर काहीतरी शोधत होती. पुढे बघितलं, मागे बघितलं, लुगडं उचलून पायाखाली बघितलं. मग खिडकीकडे बघून म्हणाली, साहेब, सकाळी तर व्हती.

आजची तारीख माझ्या ध्यानातच आली नव्हती. सिनेमातलीच तारीख. सूर्य बरोबर डोक्यावर.

सगळं ऑफिस हसलं. साहेब हसले. पलीकडचं टेबल हसलं. जागा क्रमांक ४३, क्लायमॅक्स. पहिल्यांदाच लिहिलेल्या ठिकाणी हशा आला. हसणाऱ्यांत मी नव्हतो.

म्हातारीला आत आणलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. नाव रुखमाबाई. विचारलं, हा दाखला कशाला पाहिजे? म्हणाली, रेशन कार्डावर मले मयत करून टाकलं. दुकानदार म्हणते, तू मेली, तुह्या नावाचं धान्य येत नाही. सुनेच्या ताटातलं खाऊन राह्यली म्या सात महिने. मेलेल्याले सावली नसते म्हणतात ना, मंग हा दाखला भेटला तर म्या जिती हाय असं धरतीन.

मी म्हणालो, आजी, त्यासाठी साधा दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. ती म्हणाली, देला ना. दिवाळीच्या आधी. तुमच्याच हातात देला. तवापासून इचारून राह्यली, तुम्ही म्हणता प्रोसेसमधी हाय.

मी म्हणालो, शक्यच नाही. बावीस वर्षांत माझ्या टेबलवरून कागद गहाळ झालेला नाही. दाखवायला म्हणून ड्रॉवर ओढला. वर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. त्याखाली पटकथेचे कागद. दाखवता दाखवता उलटे धरले. सीन सतरा, ‘क्लार्क म्हाताऱ्याचा कागद हरवतो’. त्याच्या मागच्या बाजूला रुखमाबाईचा अर्ज. खाली अंगठा. कोपऱ्यात माझ्या अक्षरात, आवक क्रमांक.

पाठकोरा म्हणून घेतला होता. सीन सतरा मी एका बैठकीत लिहिला होता आणि फार खूश झालो होतो.

अर्ज सुलटा करून टेबलावर ठेवला. तिला माफ करा म्हणायला हवं होतं. ती मात्र पाणी पिऊन म्हणाली, नातवानं मोबाइलमधी दाखवला तुमचा सिनेमा. तुमचं काम लय चांगलं झालं. मी म्हणालो, आजी, मी सिनेमात नाही, मी फक्त लिहिला. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाली, काऊन खोटं बोलता, तो टेबलावरचा चष्मेवाला तुम्हीच ना?

पलीकडच्या टेबलकडे पाहिलं. तिथला माणूस चष्मा लावतच नाही. हे मला बावीस वर्षांत दिसलं नव्हतं.

तोच दिवस. संध्याकाळी ७.
अर्ज घेऊन मी स्वतः साहेबांकडे गेलो. त्यांनी उलटून सीन सतरा वाचला, पूर्ण वाचला, आणि सही केली. टपालात न टाकता चालत पुरवठा विभागाच्या, रेशनच्या खिडकीवर दिला. रुखमाबाई जिवंत असल्याची नोंद माझ्यासमोर झाली. पंधरा मिनिटं लागली. सात महिने आणि पंधरा मिनिटं.

येताना वहाबच्या दुकानावरून आलो. आत गेलो नाही. त्याने मान वर केली, मी मान हलवली, तो परत मशीनवर वाकला.

स्वेच्छानिवृत्तीची अट आज पूर्ण झाली. अर्ज ड्रॉवरमध्येच आहे. अजून दोनशे अकरा माणसं आहेत. त्यांची सावली नेमकी कुठे अडकली आहे, ते एकेकाला बोलावून विचारावं लागेल.

हे लिहायला बसलो तर चष्मा सापडेना. टेबलावर पाहिलं, ड्रॉवरमध्ये, शर्टाच्या खिशात. शैलजाला हाक मारली. ती हातातली कणीक तशीच घेऊन दारात आली, बघत राहिली आणि हसायला लागली. थांबेचना. भिंतीला टेकून, पदराने डोळे पुसत. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. मग तिने कणकेचं बोट माझ्या कपाळाकडे केलं.

हशा-नोंदवही समोरच होती. नोंद केली नाही.