तापीकाठचा नानांचा बांध

नाना, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि काल मी पहिल्यांदा एकटी तुमच्या बांधावर गेले. भुसावळच्या दवाखान्यात तुम्ही विचारलं होतं, "बांध शे ना तठे?" आणि मी म्हटलं होतं, "शे, नाना. मी कालच पाही उनू." तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत. पाहून आले म्हटलं खरं, पण मी गेलेच नव्हते. गावाकडे रस्त्यासाठी माती उचलताहेत असं कानावर आलं होतं. बांध गेलेला दिसला तर तुम्हाला काय सांगू, या धास्तीने धुळ्याच्या स्टँडवर दोन तास बसून मी परत फिरले. चार दिवसांनी तुम्ही गेलात. पुढे लग्नकार्याला गावात कितीदा तरी गेले, पण नदीकडची वाट धरली नाही.

दीपनगरच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मी नववीत आहे. तुम्ही गावाहून आला आहात आणि थैलीतली नदीकाठची पांढुरकी माती ओट्यावरच्या ताटात ओतता आहात. आई म्हणते, "अहो, जेवायच्या ताटात?" तुमचं लक्ष नाही. चिमूटभर माती बोटांत चोळून तुम्ही म्हणता, "ही राख आहे. दिवसभर राखेत असतो मी, मला कळणार नाही? पण कोळशाची नाही, चुलीची. किती पिढ्या रांधलं असेल तिथे." मग ताटात बोटाने गोल काढता. ही वस्ती, आणि नदीच्या बाजूने हा बांध. नदी असा वळसा घालून माती टाकत नाही, माणसांनीच घातलाय तो, पूर अडवायला. शेजारचे काका हसतात. मीही हसते, म्हणते, नानांना ढेकळातसुद्धा गाव दिसतं. तुम्ही रागावत नाही. एवढंच म्हणता, "हसायचं तर बघून हस." मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही मला तिथे नेलंत खरं, पण मी उन्हाला वैतागून बाभळीखाली बसून राहिले आणि काहीच बघितलं नाही.

परवा ऑफिसात चुलतभावाचा फोन आला. "नानांचा बांध खोदून राहिलेत," म्हणाला. आवाज तुटत होता, पुढचं ऐकू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर जेसीबी आणि मातीच्या ट्रॉल्या. रजा टाकली आणि काल सकाळी पहिल्या बसने निघाले. फाट्यापासून रिक्षा केली, पुढे कपाशीतून चालत गेले. मनाशी ठरवलं होतं, जे काही उरलं असेल ते एकदा डोळ्यांनी बघायचं.

जेसीबी नव्हता. शेताच्या टोकाला बांध होता, पुरुषभर उंच, तुम्ही ताटात काढला होता तसाच वळलेला. त्याला एका जागी सरळ चर घेतलेला आणि चरात पाच-सहा मुली ब्रशने माती झाडत बसलेल्या. त्यांच्या मॅडम धुळ्याच्या एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवणाऱ्या. त्यांनी मला चराची भिंत दाखवली. काळी, पिवळी, राखाडी, हातभर लांबीचे मातीचे डाग एकमेकांवर चढलेले. "प्रत्येक डाग म्हणजे एक टोपली," त्या म्हणाल्या. "लोखंड माहीत नव्हतं त्या काळातल्या माणसांनी डोक्यावरून वाहून टाकलेली. पूर अडवायला असावा, असं वाटतंय." मी तिथेच मातीत बसले. मुलींना वाटलं मला ऊन लागलं, त्यांनी पाणी दिलं.

शेताची मालकीण, सत्तरीची अक्का, भाकरी घेऊन आली होती. मी विचारलं, एवढ्या वर्षांत बांध सपाट कसा नाही केला?

"रस्तावाला उनथात ना माती मांगाले," ती म्हणाली. "मना सासरा नाही म्हने. पूर उना की बठ्ठा वावर पानीमा जास. ढोरे मंग याच बांधवर उभी राहतस. याले कोन काढी?"

म्हणजे नाना, अक्काच्या सासऱ्याने रस्तेवाल्यांना माती नेऊच दिली नव्हती, मी तुम्हाला खोटं सांगितलं तेव्हाही तो होता. स्टँडवरून परत न फिरता पुढच्या बसमध्ये बसले असते तर तेच उत्तर खरं सांगता आलं असतं. एकवीस वर्षं छातीवर घेऊन फिरले ते काल तिथे उतरलं. अक्काच्या पंगतीला बसून मी दोन भाकरी खाल्ल्या. एवढी भूक मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

निघताना मॅडमनी वही काढली. हा बांध माणसांनी घातलाय हे आधी कोणी ओळखलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. "शिक्षक होते का?"

नाना, तुम्ही गेल्यावर माझं लग्न झालं, आणि सासरी मी तुम्हाला इंजिनियर करून टाकलं. आईसमोरच. काल मात्र मी म्हटलं, "नाही. वीज केंद्रात राख उपसायचे." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. जेवणाच्या टेबलावर उघडंच ठेवते आहे.