ब्याऐंशी टक्के

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार.

आणि वर हॉर्न वाजवतो. मी काय तिथं झोपायला थांबले होते? हॉस्पिटलच्या तळघरातून मळक्या चादरींनी भरलेली व्हॅन चढावरून वर काढायची म्हणजे काय असतं, ते याला काय ठाऊक. याची गाडी नवी. पलीकडच्या गल्लीत याची लाँड्री. स्वतःची कॉलर कडक, गिऱ्हाइकांच्या मऊ. मी त्याला कडक कॉलरच म्हणते. आज खिडकीतून मुंडकं काढून म्हणाला, ताई, उतरून ढकलू का? म्हटलं, ढकल, तुझ्या दुकानापर्यंत ढकल, दारातच आडवी लावते.

हॉस्पिटलात हा धुतो काय, तर डॉक्टरांचे कोट. चादरी माझ्याकडे. नऊ वर्षं. चादरींवरच माझं दुकान उभं आहे, बाकी सगळं सटरफटर. त्याचा डोळा चादरींवर आहे हे आंधळ्यालाही दिसेल.

गाडीत ताकद नाही. ठरलं. याच महिन्यात बंदोबस्त.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

डबी आली. काडेपेटीएवढी. स्टिअरिंगखालच्या खाचेत खुपसायची, मोबाईलवर बटण दाबायचं, की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवा हिशोब भरला जातो, किती डिझेल कधी सोडायचं त्याचा. पाकिटावर लिहिलंय, ताकद चाळीस टक्के जास्त. डिझेल कमी. दोन्ही एकदम.

आमच्या ह्यांनी पाकीट उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, कंपनीचं नाव कुठं दिसत नाही. नाव काय चाटायचंय?

धाकट्या दिराचं गॅरेज आहे, त्याला विचार म्हणाले. विचारलं. भाऊजी आधी डोकं खाजवतात, मग बोलतात. म्हणाले, वहिनी, कारखान्यात जाणत्या लोकांनी वर्षवर्ष बसून जुळवलेलं असतं ते. असल्या डबीनं बदलू नका. इंजिन तापेल, क्लच जाईल, आणि इन्शुरन्सवाले हात वर करतील. मी म्हटलं, गाड्या बिघडल्या नाहीत तर तुमचं गॅरेज कसं चालणार, म्हणून पोटात दुखतंय तुमच्या. पाना उचलून गाडीखाली शिरले. वर्मी लागलं असणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

केलं. चौथी शिकलेल्या बाईनं केलं. सुरुवातीलाच मोबाईलनं विचारलं, जुनी फाईल जपून ठेवायची का, वीस मिनिटं लागतील. 'नाही' दाबलं. ज्या हिशोबानं गाडी रांगत होती तो जपून काय करायचा? खाली सूचनांची ही लांबलचक यादी. एवढं लिहितात म्हणजे काहीतरी लपवायचं असतं. वाचली नाही.

तळघरातून वर आले ती सुसाट. कडक कॉलर मागेच होता. धुरात दिसला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार.

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय, इंजिनाच्या चित्राचा. नवी ताकद अंगवळणी पडेपर्यंत लागणारच. कपड्यांना नंबर लावायची चिकटपट्टी इस्त्रीवाल्या मावशींकडून घेतली आणि वर चिकटवली. गेला दिवा.

डिझेल जास्त पितेय. काम करणारं माणूसही जास्तच खातं.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी साठ चादरी परत केल्या. काळ्या म्हणे. एक चादर माझ्या नाकासमोर धरली. मी म्हटलं, तुमच्या तळघरातली धूळ आहे. त्या म्हणाल्या, धूळ बोटाला तेलकट लागत नाही. आणि सगळ्यांसमोर सुनावलं, ही पहिली वेळ, तिसऱ्या वेळेला काम दुसऱ्याला जाईल.

चूक कुणाची? व्हॅनच्या मागच्या दाराचं रबर फाटलंय, तिथून धूर आत येतो. रबर बदला म्हणून ह्यांच्या मागे लागून माझी जीभ झिजली. घरी आल्या आल्या झाडलं. तर म्हणाले, रबर दोन वर्षं फाटलेलं आहे, धूर आत्ताच कसा आला? ह्यांना प्रश्न फार पडतात. कामं एकही होत नाहीत.

निश्चय: चादरी प्लास्टिकमध्ये गुंडाळायच्या. डबी काढायची नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

धुतलेल्या चादरी घेऊन निघाले आणि पुलाच्या चढावर गाडीनं मान टाकली. जळका वास. ॲक्सिलरेटर दाबतेय, गाडी ढिम्म. मागून कोण यावं? तोच. न विचारता माझे गठ्ठे उचलले आणि आपल्या गाडीत भरले. मी नको म्हणत होते, पण एक टोक धरूनही होते, गठ्ठा रस्त्यावर पडला असता. हॉस्पिटलात माझ्या चादरी त्याच्या गाडीतून उतरल्या. दोन तास उशिरा. मेट्रनबाईंनी दोन बोटं दाखवली. दिखाऊपणा करायची संधी साधली मेल्यानं.

भाऊजी पुलावर आले. म्हणाले, इंजिनानं स्वतःला वाचवायला ताकद कमी करून घेतलीय. जुनी फाईल द्या, आत्ता पूर्ववत करतो. म्हटलं, ठेवली नाही. पुन्हा डोकं खाजवलं. चालवत, रडतखडत गाडी घरी आणली.

मी विचार केला. ताकद कमी करून घेतली म्हणजे पहिली मात्रा पुरली नाही. डबीत दुसरी आहे. जड सामानासाठी.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी साडेपाच.

दुसरी मात्रा सुरू केली. पंचेचाळीस मिनिटं लागतील, मध्ये काढू नका, म्हणतोय मोबाईल.

सव्वासहा. ब्याऐंशी टक्के. पंचेचाळीस मिनिटं तर झाली, आता खोटं कोण बोललं? सातला चादरी पोचायला हव्यात. राहिलंय अठरा टक्के. चादरसुद्धा मी कधी पूर्ण वाळू देत नाही. थोडी ओलसर असतानाच दोरीवरून काढायची आणि इस्त्री मारायची, मग बसते. खडखडीत वाळली की सुरकुती जन्मात जात नाही. कुठं थांबायचं हे या हाताला कळतं. काढली डबी.

साडेसहा. किल्ली फिरवली. काही नाही.

पावणेसात. काही नाही. गाडी गारठली असेल.

सात. भाड्याचा टेम्पो बघा म्हणून ह्यांना पिटाळलं. हे चप्पल शोधतायत.

नऊ. मेट्रनबाईंचा फोन. उचलला नाही. माणूस रागात असताना बोलायला लावू नये, त्यांनाच नंतर वाईट वाटतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

भाऊजी म्हणाले, कॉम्प्युटर अर्धवट लिहिला गेलाय, आता तो इंजिनाला ओळखतच नाही. दुसरा मागवावा लागेल. पाच-सहा आठवडे. किल्लीही त्याच्याशी नव्यानं जुळवावी लागेल. मी म्हटलं, ब्याऐंशी टक्के म्हणजे फर्स्ट क्लास असतो. ते म्हणाले, वहिनी, विहीर ब्याऐंशी टक्के ओलांडली तर माणूस कुठं असतो?

उलट उत्तर द्यायला शिकलेत. लग्न झालं तेव्हा असे नव्हते.

इन्शुरन्सवाल्यांना फोन केला. पहिलाच प्रश्न, गाडीला बाहेरचं काही जोडलं होतं का. फोन ठेवला. मला खोटं बोलायची सवय नाही.

पाकिटावरच्या नंबरावर अकरा वेळा फोन लावला. असा नंबरच नाही म्हणे.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

हॉस्पिटलची चिठ्ठी आली. तिसरी वेळ झाली. उद्यापासून चादरी कडक कॉलरकडे.

मावशींनी विचारलं, उद्या येऊ ना? या म्हटलं. येऊन काय करणार, ते विचारू नका म्हटलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

पाच मशीन बंद. दुकानात एवढी शांतता की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. मावशींनी दोनदा पडदे इस्त्री केले, दुकानाचेच.

मावशी म्हणत होत्या, कडक कॉलरकडे चादरींचा डोंगर साचलाय. मशीन त्याच्याकडे दोनच. बुडणार तो. मी म्हटलं, बुडू दे. मग विचारलं, किती साचल्यात.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

मावशींच्या हातून पाठवायची चिठ्ठी. आधी इथं लिहिते, म्हणजे खाडाखोड होणार नाही. 'कडक कॉलर' खोडलं. 'लाँड्रीवाले' खोडलं.

दादा,

तुमची मशीन दोन, चादरी दोनशे. माझी मशीन पाच, चादरी एकही नाही. तुम्ही चादरी आणून टाका, मी धुऊन, इस्त्री करून देते. हॉस्पिटलात नाव तुमचंच राहू दे. मावशी माझ्याबरोबर असतील, त्यांना काढायचं नाही. ही विनंती नाही, मला बाकी ठिकाणचीही बोलावणी आहेत. शुक्रवारी, २८ तारखेला, दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवा. नाही असेल तर गुरुवारीच कळवा, मावशींना 'येऊ नका' असं तोंडावर सांगायला मला एक दिवस लागेल.