विलायती कॅसेटनं बदललेला माणूस

३ फेब्रुवारी १९८७

येडशीहून परत. बंडप्पाच्या पोरीचं बारसं. बंडप्पा कॉलेजातला दोस्त. आता स्टेशनात तिकिटं देतो आणि अख्खी रेल्वे आपल्याच खिशात असल्यासारखा बोलतो. जेवण बेचव. जिलबी चिवट.

पण कपाटावर एक कॅसेट होती. विलायती रॉक बँडची. त्याच्या भावानं पुण्यात कुणाकडून तरी भरून आणलेली. दुपारी पाहुणे घोरत पडले तेव्हा लावली. सुरुवातीलाच ड्रम असा वाजतो की कुणी बंद दुकानाच्या पत्र्यावर लाथा घालतंय. मग गिटार. मग तो माणूस ओरडतो.

दुपारी दोनपर्यंतचा व्यंकट संपला. हा वेगळा आहे.

कॅसेट घेऊन आलो. बंडप्पाला सांगितलं नाही. सांगून त्याला काय कळणार होतं?

४ फेब्रुवारी

ए साइड चार वेळा ऐकली. बँडचं नाव लिहिलेलं नाही. नाव विचारत बसणं हे गिऱ्हाइकाचं काम. मला अर्थ पोचला. अर्थ असा: कुणाच्या बापाला भ्यायचं नाही.

म्हणून ठरवलं. दगडोबा आण्णा ऑफिसात आले की यापुढं उभा राहणार नाही. आण्णा दूध सोसायटीचे चेअरमन असतील, मी क्लार्क असेन, पण पाठीचा कणा माझा आहे. शिवाय टँकरच्या रजिस्टरात खोटं लिहिणार नाही. दुष्काळ म्हणून सोसायटीनं टँकर घेतला, सभासदांच्या घरांना आणि जनावरांना पाणी म्हणून. पहिल्या खेपा जातात आण्णांच्या लिंबाच्या बागेत. मी लिहितो, 'जनावरांसाठी'. आता बास.

केस वाढवणार. बँडवाले वाढवतातच.

५ फेब्रुवारी

आण्णा आले. उभा राहिलो. खुर्चीचा खिळा टोचत होता, म्हणून.

११ फेब्रुवारी

भूमच्या बाजारातून टेपचे सेल आणले. दुकानदार चोर.

बी साइड लावून बघितली. रटाळ. सगळं हळू. शेवटच्या गाण्यात तर नुसती एक गिटार आणि तो माणूस पुटपुटतो. ओरडायची ताकद संपली असावी. बी साइड बाद.

गुलाबनं विचारलं, हा सारखा काय म्हणतोय, 'नो मोर, नो मोर'? मोर न्हाय म्हणतोय का? म्हटलं, मोर नाही, इंग्रजी आहे, 'आता नको' असा अर्थ. ती म्हणाली, "आमाला वाटलं येडशीच्या रानातला माणूस हाय. तितं मोर लई."

या बाईबरोबर मी सात वर्षं काढली. माझी सहनशक्ती कुणी मोजलेली नाही.

२ मार्च

रजिस्टर लिहिलं. 'जनावरांसाठी.' आज शेवटचं.

३ मार्च

मार्चअखेर आहे. मध्येच पद्धत बदलली की ऑडिटला गोंधळ होतो. एक एप्रिलपासून.

१९ मार्च

केस कानावर आले. गावात चर्चा. होऊ दे. ही माणसं जन्मभर कडबा मोजणार.

आण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं, "व्यंकट, येडाईला नवस बोललास का रं? पावसासाठी?"

हा क्षण होता. सांगणार होतो की आण्णा, हे बंड आहे. पण शत्रूला आपला डाव आधी कळू देऊ नये, हे कुणीही शहाणा माणूस सांगेल. म्हणून 'व्हय आण्णा' म्हणालो.

आण्णांनी पाठीवर थाप मारली. थाप सहन केली. आतून मी ड्रम वाजवत होतो.

२४ मार्च

घरी आल्यावर टेप उघडला. कॅसेट बी साइडच्या शेवटाला. काल मी ए साइडच्या सुरुवातीला ठेवली होती. टेप माझा आहे. (सासऱ्यानं लग्नात दिला, पण मला दिला.) गुलाबला विचारलं. म्हणाली, पाणी येईस्तवर बसून काय करायचं, लावला.

म्हटलं, यातलं तुला काय कळतं?

ती म्हणाली, "ह्या बाजूला तो माणूस खरं बोलतोय. पलीकडं नुसता वरडतोय."

अडाण्याशी वाद घालणं हा कलेचा अपमान.

१५ एप्रिल

येरमाळ्याच्या येडाईच्या यात्रेहून आलो. आण्णांनी जीपमधून नेलं. डोंगर चढताना नारळांची पिशवी माझ्याकडं. आण्णा भेटेल त्याला सांगत होते, आमच्या क्लार्कनं पावसासाठी केस ठेवलेत. एका म्हातारीनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. ऊन भयंकर, पाय भाजले.

अंगठ्याला फोड. आण्णांचा सूड घेणार. तारीख नंतर.

२० एप्रिल

मेमध्ये सोसायटीची खास सभा लागली. विषय टँकर. छान! गावासमोर आण्णांना उघडं पाडणार. भाषण लिहायला घेतलं. रोज ए साइड ऐकून एक पान.

२३ एप्रिल

ऑफिसातून लवकर आलो तर घरात जाईबाई. बौद्धवाड्यातली. तिची एक म्हैस आहे, सोसायटीला दूध घालते. पाण्याच्या रांगेत गुलाबची ओळख झाली म्हणे. दोघी चहा पितायत आणि माझी कॅसेट चालू. बी साइडचं शेवटचं गाणं. जाईबाईनं डोळ्याला पदर लावलेला.

"भाऊ, गडी लई आतून बोलतोय," मला म्हणाली. "काय झालंय त्याला?"

काहीच झालेलं नाही, ती कला आहे, असं तोडून सांगितलं. बँड ऐकायला एक तयारी लागते. उद्या आख्खी आळी येऊन बसेल.

मग गुलाबनं तिच्यासमोरच विचारलं, "ह्यांच्याकडं आठवड्यात एक खेप यायची न्हवं? रजिस्टरात हाय का?"

आहे.

"हिच्या दारात म्हैना झाला आली न्हाय," गुलाब म्हणाली.

ऑफिसची गोष्ट ऑफिसात, असं म्हटलं. चहा गार झाला होता. मुद्दाम गार दिला असावा.

१ मे

गावातली माणसं माझ्याशी वाकडं वागायला लागली. न्हावी म्हणाला, तुमच्या केसाला देवी काय पावंना. पानटपरीवर कुणीतरी म्हणालं, नवसात खोट असंल. बंडखोराला गाव असंच वागवतं. पण हे बंडामुळं नाही, पाऊस नाही म्हणून वागवतायत. त्यामुळं अपमान दुप्पट.

९ मे

भाषण पूर्ण. अकरा पानं. सुरुवात: 'अन्यायाच्या अंधारात झोपलेल्या माझ्या बांधवांनो.' शेवटी मूठ वर. आरशासमोर तीनदा म्हटलं. गुलाबला वाचून दाखवलं. तिनं तांदूळ निवडत सगळं ऐकलं.

मग म्हणाली, "लिंबाच्या बागेत खेपा किती गेल्या, ते ह्यात कुठाय?"

तिला समजावलं की भाषण तत्त्वावर आहे. आकडे ही किरकोळ गोष्ट.

"मग ती किरकोळ मला सांगा."

सांगितली. दोनशे बारा. बौद्धवाड्यात एकोणीस. पेन्सिलनं मी खरा हिशेब रजिस्टरच्या मागल्या पानावर ठेवतो, हेही सांगितलं. तिला काय करायचंय? पण ती तांदूळ निवडायची थांबली.

"म्हंजी तुमाला पहिल्यापास्नं ठावं हाय," असं म्हणाली. जेवताना भाजीत मीठ नव्हतं.

१४ मे

ती माझ्याशी बोलत नाही. बरं आहे. सभेआधी शांतता लागते.

१७ मे, सकाळ

आज सभा. ए साइड दोनदा. अंगात ताप भरल्यासारखं वाटतंय. हीच ती ताकद.

१७ मे, संध्याकाळ

मारुतीसमोर मांडव. मी आण्णांच्या शेजारी, टेबलाला. भाषण खिशात. गुलाब बायकांत बसलेली. सोसायटीत शेअर तिच्या नावावर आहे, कारण म्हैस तिच्या माहेरची आणि क्लार्कला सभासद होता येत नाही. ती नुसती सही करायला आली असेल असं मला वाटलं.

आण्णा माईकवर म्हणाले, गावासाठी या पोरानं अंगावर नवस घेतलाय. शाल आणली होती. माझ्या गळ्यात घातली. टाळ्या. मी उठलो. खिशात हात घातला. अकरा पानं हाताला लागली. पण शालीनं हात अडकला. ज्याला कधी शाल मिळाली नाही त्याला हे कळायचं नाही. मी नमस्कार करून बसलो.

तेव्हा गुलाब उठली.

माईक घेतला नाही. हळू बोलायला लागली. मागून ओरडा झाला, ऐकू येईना. आण्णा हसले, "बाई, जरा मोठ्यानं." ती तेवढ्याच आवाजात राहिली. टँकरचा ड्रायव्हर कोंडिबा उठला आणि त्यानं माईकचा धडधडणारा जनरेटर बंद केला. मग तिचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचला.

ती म्हणाली, "लिंबाच्या बागेत दोनशे बारा खेपा गेल्या. बौद्धवाड्यात एकोणीस. रजिस्टरात बागेतल्या समद्या जनावराच्या नावानं हायत. लिहिणारा माझा नवरा हाय. तितं बसलाय शाल घेऊन. त्याला इचारा."

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली.

आण्णा म्हणाले, "सांग, व्यंकट."

ड्रम सुरू होतो ना, तसं छातीत झालं. मी म्हणालो, "रजिस्टर बघून सांगतो."

जाईबाई उठून म्हणाली, "रजिस्टर कशाला बघाया पायजे? आमच्या घागरी बघा." मग कोंडिबा म्हणाला, टँकर मी चालवतो, बाई म्हणत्यात ते खरं हाय, आजपातुर भाकरी जाईल ह्या भीतीनं बोललो न्हाय. त्यानंतर एवढा गलका झाला की कुणाचंच काही कळेना. आण्णांची टोपी पडली. ती मी उचलून दिली. सवय.

ठराव झाला. टँकर बायकांची कमिटी बघणार. पाच बाया. गुलाब, जाईबाई आणि आणखी तिघी.

१८ मे

शांतपणे विचार केला. हे सगळं मीच घडवलं. कॅसेट माझी. आकडा माझा. मी नसतो तर तिनं काय केलं असतं? क्रांतीत एक माणूस पुढं असतो, एक पडद्यामागं. माझा स्वभाव पडद्यामागचा.

गुलाबला हे सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "मी उठायच्या आदी लई वाट बघितली. वाटलं, तुम्ही उठाल. एकदा तरी उठाल. तुमच्याकडंच बघत हुते." मग पातेलं विसळून पालथं घातलं.

डास फार आहेत.

२१ मे

आण्णांनी बोलावलं. वाटलं, नोकरी गेली. आण्णा म्हणाले, "बायकूला आवर." म्हटलं, आण्णा, आवरली असती तर ही वेळ आली असती का? असं मनात म्हटलं. तोंडानं 'बघतो' म्हटलं.

घरी आवरायला गेलो. दारात सात-आठ चपला. आत कमिटी. टेप मध्ये ठेवलेला, बी साइड. बाया खेपांची पाळी ठरवत होत्या आणि मध्येच गप्प होऊन ऐकत होत्या. बसायला जागा नव्हती. कुणीतरी सरकून कोपरा दिला. गाणं संपेस्तवर बसलो. तो माणूस खरंच हळू गातो. शेवटी शेवटी आवाज फाटतो, पण तो लपवत नाही. मी हे आजवर ऐकलंच नव्हतं. सेल कमी झाले असतील म्हणून तसं वाटलं असेल.

२६ मे

नोकरी टिकली. कमिटीत चर्चा झाली म्हणे की क्लार्कला काढावं. जाईबाई म्हणाली, राहू द्या, अक्षर चांगलं हाय, आता खरं लिवंल. तिच्या उपकाराखाली राहायला मला आवडणार नाही. नकार देणार होतो. विचारायला कुणी आलं नाही.

पण कमिटीनं काम बदललं. यापुढं क्लार्कनं टँकरबरोबर फिरायचं, खेप जिथं रिकामी होईल तिथं उभं राहून लिहायचं आणि त्या घरातल्या बाईची सही नाहीतर अंगठा घ्यायचा.

एक जूनपासून राजीनामा द्यायचा विचार आहे. कडक शब्दांत.

१ जून, पहाटे पाच

टँकरपाशी आलो. पुढं केबिनमध्ये बसायला गेलो तर कोंडिबा म्हणाला, "व्यंकटराव, पुढं जागा न्हाय. कमिटीच्या बाईंसाठी ठेवायला सांगितलीय."

विचारलं, कोण बाई?

"तुमच्याच घरच्या," तो म्हणाला. "येतीलच आता. तुमी मागं बसा. पाइपाला धरून बसा, खड्ड्यात उडवतोय."